अंटार्क्टिकाचा धडा पेंग्विनवर थांबवू नका



अंटार्क्टिकावर निबंध लिहायला सांगितला की तो ठरलेल्या वाटेने जातो. पांढराशुभ्र बर्फ, पेंग्विन, तिरंगा आणि शेवटी ‘मलाही शास्त्रज्ञ व्हायचंय’. यात वाईट काही नाही. पण तिथे गेलेला माणूस सकाळी उठून नेमकं काय करतो, हे त्या निबंधात कुठेच नसतं. शहापूर-मुरबाडच्या पोरांना आधी तेच सांगायला हवं, असं माझं मत आहे. कारण ते काम त्यांना समजतं आणि जमतंही.

पहिली अडचण शब्दाची येते. बर्फ म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर गोळेवाल्याच्या गाडीवरची लादी येते, फार तर वळवाच्या गारा. आकाशातून पडणारं हिम त्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे तिथे लाद्याच पडतात असं काहींना खरंच वाटतं. जुन्या फ्रीजच्या कप्प्यात साचणारा पांढरा, भुसभुशीत थर दाखवा. तो हातात घेऊन वितळवला की केवढ्याशा पाण्याचा केवढा ढीग होता ते कळतं. ताजं हिम साधारण दहा सेंटिमीटर साचलं तर वितळून जेमतेम एक सेंटिमीटर पाणी होतं, कोरडं असेल तर त्याहूनही कमी.

आता मोहिमेकडे येऊ. भारताची पहिली मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली, डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे प्रमुख होते. 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिलं केंद्र उभं राहिलं. हे केंद्र बर्फावरच बांधलेलं होतं. वाऱ्याने हिम येऊन साचत गेलं आणि काही वर्षांत ते गाडलं गेलं. पुढचं ‘मैत्री’ केंद्र 1989 मध्ये उघड्या खडकाळ जमिनीवर बांधलं, ते याच अनुभवातून. शाळेची नवी खोली कुठे बांधायची, पावसाचं पाणी कुठून वाहतं, यावर गावात जी चर्चा होते तीच ही गोष्ट. पाठ्यपुस्तकातल्या तारखांपेक्षा ही लवकर लक्षात राहते.

तिथला हिवाळा आपल्या पावसाळ्यात येतो. आपल्याकडे आवणी चालू असते तेव्हा ‘मैत्री’वर जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही. समुद्र गोठलेला, जहाज येऊ शकत नाही. साधारण पंचवीस माणसं राहतात. त्यांत शास्त्रज्ञ असतात तसे डॉक्टर, स्वयंपाकी, जनरेटर सांभाळणारे मेकॅनिकही असतात. स्वयंपाकघरातल्या मदतीची आणि साफसफाईची पाळी सगळ्यांना लागते, डॉक्टरेट असली तरी. (हे वाक्य वर्गातल्या मुलग्यांकडे बघून जरा सावकाश वाचावं.) हिमवादळात एकट्याने बाहेर पडायचं नाही, बांधलेल्या दोराला धरून चालायचं. आणि हे सगळं सांभाळून ठरलेल्या वेळेला तापमान, वारा, हवेचा दाब लिहायचा.

पडलेलं हिम मोजणं तर फारच किचकट. भांडं ठेवलं तर वारा कण बाजूने उडवून नेतो, भांड्यात कमी भरतं. उलट जमिनीवरचं जुनं हिम उडून त्यात पडतं. मग आकाशातून पडलं किती आणि वाऱ्याने आणलं किती? म्हणून ठरावीक अंतरावर खुंट्या रोवतात, त्यांची बर्फावरची उंची पुन्हा पुन्हा मोजतात, हिमाचं वजन करतात. रोज तेच. शोध असा लागतो, कंटाळवाण्या नोंदींमधून.

‘आमच्या पोरीला बर्फ शिकून काय करायचंय, गुरुजी?’ असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. भातसा, तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि धरणाच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. मग आपल्या शाळेवर पाऊस किती पडला, हे तरी आपल्या मुलांनी मोजायला नको का? सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा बसवा, तळाच्या वाकड्या भागात खडे टाकून सपाट पातळीपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. हवामान खात्याची पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते, आपणही तीच वेळ धरावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटर पत्र्यावर वीस मिलिमीटर पडला तर हजार लिटर. सहावीतलं पोरगं हे तोंडी करतं आणि मग स्वतःच विचारतं, ‘ते पाणी गेलं कुठं?’

नोंद चुकली तर रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. मागची तारीख टाकून रकाने भरणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर डॉ. अदिती पंत होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. पंत नागपुरात जन्मल्या, पुण्यात शिकल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करत होत्या. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती हा त्यांचा विषय. सातवीनंतर शाळा लांब पडते म्हणून घरी बसणाऱ्या मुलींच्या आयांना हे नाव माहीत असायला हवं.

आणि वर्गातली काही मुलं हा धडा सगळ्यांत आधी ओळखतील. दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाणारी. पाच-सहा महिन्यांसाठी काय न्यायचं, झोपडी कुठे उभारायची, सरपण किती लागेल, हे त्यांना विचारा, भरभरून सांगतील. एक फरक मात्र लपवू नका. मोहिमेवरचा माणूस स्वतः ठरवून, पगारावर, परतीचा अंदाज घेऊन जातो. या पोरांना कुणी विचारलेलं नसतं, आणि ती गेली की त्यांची शाळा तुटते. पावसाच्या तोंडावर ती परततात, नेमकी बाटली बाहेर ठेवायची वेळ. जूनमधली साडेआठची नोंद मी त्यांच्याकडे देतो. वहीवर नाव त्यांचंच असतं.