दोन डायोड समांतर लावले की करंट अर्धा-अर्धा होतो का?

सध्या बातम्यांत जिकडेतिकडे चिपच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटींची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली, तेव्हापासून मला एक प्रश्न हमखास येतो: 'सुटे पार्ट स्वस्तात मिळतात, मग चिपमध्ये एवढं काय विशेष?' याचं एक उत्तर मला माझ्याच ॲम्प्लिफायरने दिलं.

ट्रान्झिस्टर तापला की त्याला लागणारं बायस व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. म्हणून बायसचे डायोड हीटसिंकला चिकटवतात. तेही तापतात, व्होल्टेज तेवढंच उतरतं आणि हिशोब जुळतो. मी मात्र शहाणपणा केला. मजबुतीसाठी प्रत्येक डायोडला आणखी एक समांतर जोडला, पण नवे डायोड थंड बोर्डवरच ठेवले. आवाज थोडा खरखरला, म्हणून प्रीसेट फिरवून बायस वाढवला.

अर्ध्या तासात हीटसिंकला हात लावता येईना. मीटर लावला, तर गाणं बंद असतानाचा करंट जवळपास दुप्पट! लगेच प्लग काढला.

झालं काय? डायोडवरचं व्होल्टेज फक्त १८ मिलिव्होल्टने वाढलं तरी करंट दुप्पट होतो. दोघांच्या तापमानात १० अंशांचा फरक पडला, की गरम डायोड थंड्याच्या दुप्पट करंट ओढतो. समान वाटणी तिथेच संपली. शिवाय थंड डायोड व्होल्टेज पुरेसं खाली येऊच देत नाही. तापलेल्या ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा जास्त बायस मिळतं, तो आणखी तापतो.

चिपमध्ये हेच भाग एकाच सिलिकॉनवर, एकाच वेळी, अगदी शेजारी-शेजारी बनतात. गुणधर्म जवळपास सारखे, तापमानही सारखं. करंट मिररसारखी सर्किट्स याच जुळणीवर चालतात. पाकिटातल्या सुट्या डायोडना ही जुळणी आपोआप मिळत नाही.

त्यामुळे बायससाठी समांतर जोडी नकोच. प्रत्येक जागी एकच डायोड, हीटसिंकला घट्ट चिकटवलेला, आणि ट्रान्झिस्टरला एमिटर रेझिस्टर. एलईडी समांतर लावताय? मग प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या. रेझिस्टर एक-दोन रुपयांचा असतो, जळालेला ट्रान्झिस्टर त्याहून महाग पडतो.