कासरा धरणाऱ्यालाही फोटोत घ्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सालेकसा तालुक्यातल्या कुठल्याही गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा. सजवलेल्या जोड्यांच्या फोटोंचा नुसता पाऊस. झूल दिसते, रंगवलेली शिंगं दिसतात, गळ्यातली घुंगुरमाळ दिसते. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे असलेले पुढारी दिसतात, सुट्टी काढून आलेले पाहुणे दिसतात, सेल्फी घेणाऱ्या पोरांची अर्धी तोंडं दिसतात. आणि बऱ्याच फोटोंत अगदी कडेला एक हात दिसतो, मनगटापर्यंत. त्या हातात कासरा असतो. ज्यानं वर्षभर या जोडीपुढं तणीस टाकली, रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात तिच्यामागं चालला, तो माणूस फोटोच्या बाहेर राहिलेला असतो.

लग्नाच्या अल्बमात वेगळं काही नाही. नवरदेव घोडीवर, करवला मागं, समोर बँड. घोडीच्या कानाशी बोलत, फटाक्यांच्या आवाजात तिला शांत ठेवत चाललेला घोडेवाला मात्र फोटोग्राफरला अडचण वाटतो. "भाऊ, जरा बाजूला व्हा," एवढंच त्याच्या वाट्याला येतं. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी असल्यानं तिथं घोडा म्हणजे रोजचं वाहन. तिथूनही लोक घोड्यावर बसलेला स्वतःचाच फोटो घेऊन येतात. घोडा कोणाचा, हे त्या फोटोवरून कधी कळत नाही.

ज्यांच्या हातात मोबाईल आहे त्या सगळ्यांना, विशेषतः गावातल्या पोरापोरींना, माझं सांगणं आहे की यंदा त्या माणसाला बाजूला व्हायला सांगू नका. त्याचा आणि त्याच्या जनावराचा, दोघांचा मिळून एक नीट फोटो काढा. आपल्याकडं घोडे थोडेच. आपली खरी जोडी बैलांची, कुठं हेल्यांची. पण घोडा असो की बैल, काढायची रीत फारशी बदलत नाही.

घाई करायचं कारणही आहे. बांधीत चिखलणीला आता ट्रॅक्टर उतरतो. एक एक कोठा रिकामा होतोय, आणि जोडी विकली गेली की तिचा फोटो राहून गेला हे मग घरात कोणाच्या तरी लक्षात येतं. आपल्या गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर भागातल्या धानाच्या चिखलात टिकणाऱ्या कठाणी गुरांना स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली आहे. धनगरांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहणाऱ्या दख्खनच्या भीमथडी घोड्यालाही मिळाली आहे. चांगलंच झालं. पण अशा नोंदीत जनावराची उंची, रंग, शिंगांचा आकार येतो. त्याला सांभाळणारा येत नाही. ते काम घरच्यांनीच करायचं.

आधी ठरवा, फोटो कोणाचा? सातबारा ज्याच्या नावावर आहे तोच बैलाचा माणूस असतो असं नाही. पुष्कळ घरी जोडी सालगड्याच्या आवाजावर चालते. मालक शेजारी उभा राहिला तर बैल मान फिरवतो, आणि गड्यानं नुसतं 'हो हो' केलं की कान टवकारतो. मालकाचाही फोटो काढा, रुसवा नको, पण गड्याचा राहू देऊ नका. आणि बायांचं काय? पोळ्याला बैलाचे पाय धुऊन औक्षण करताना बाईचा फोटो निघतो, त्यात ती वाकलेली, डोक्यावर पदर, चेहरा नाहीच. रोज पहाटे शेण काढणारी, पाणी पाजणारी बहुधा तीच असते. तिला उभी करा, बैलाच्या मानेवर हात ठेवू द्या आणि कॅमेऱ्याकडं बघू द्या. "मायासारखीचा काय फोटो काढता," असं म्हणेल. तरी काढा.

आता वेळ. संध्याकाळी तोरणाखाली काढायला जाऊ नका. तिथं डफ असतो, डीजे असतो, झडत्या चालू असतात, शेजारची जोडी शिंगं हलवत असते, बैल बिथरलेला असतो आणि धरणाऱ्याचं अर्धं लक्ष पोळा फुटण्याकडं. चांगल्या वेळा दोन. एक आदल्या दिवशीची, खांदशेकणीची, जेव्हा बैलाचा खांदा हळद-तुपानं चोळतात आणि उद्याचं आवतण देतात. त्या वेळी गर्दी नसते, घरचेच असतात, आणि जुवानं घट्टे पडलेल्या त्या खांद्यावर हात अगदी सहज फिरत असतो. दुसरी पोळ्याच्या सकाळची, नाल्यावरून अंघोळ घालून आणल्यावर, झूल घालायच्या आधी. सजवल्यावर सगळे बैल सारखे दिसू लागतात. अंगावरचे डाग, शिंगाचा बाक, कानाची कातरी, ज्यावरून घरचा माणूस अंधारातही आपला बैल ओळखतो, ते सगळं झुलेखाली जातं.

श्रावण अमावास्येला आपल्याकडं आभाळ भरलेलं असतं, याची तक्रार करू नका. ढगाळ उजेड चेहऱ्याला फार चांगला. ऊन पडलंच तर दुपारी बारा वाजता अंगणाच्या मधोमध कोणाला उभं करू नका. पांढरा बैल नुसता चुन्यासारखा दिसतो आणि टोपी-दुपट्ट्याखालचं तोंड काळं पडतं. ओट्याच्या किंवा छपरीच्या सावलीच्या कडेला, तोंड उघड्या आभाळाकडं करून दोघांना उभं करा. मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकवलं की सूर्याचं छोटं चिन्ह येतं. बैल पांढरा असेल तर ते थोडं खाली ओढा. काळा हेला असेल तर माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, हेल्याचं अंग गडद आलं तरी चालेल.

आपण जवळ जाऊन काढतो, तिथं फोटो बिघडतो. बैलाचं आणि त्याहून घोड्याचं तोंड लांब असतं. हातभरावरून काढलं तर नाकपुड्या मोठ्या आणि डोळे इवलेसे येतात. चार पावलं मागं व्हा आणि 2 एक्सवर काढा. मोबाईल डोक्यावर धरू नका. जनावराच्या छातीच्या उंचीवर आणा, त्यासाठी गुडघे टेकावे लागले तर टेका. पोर्ट्रेट मोड बंदच ठेवा. मागचं धूसर करताना तो शिंगांची टोकं आणि कासरासुद्धा पुसून टाकतो. फ्लॅश तर नकोच. जनावर बुजतं आणि डोळे हिरवेपिवळे चमकतात.

माणसाला जनावराच्या पुढं नाही, खांद्याजवळ उभं करा. दोघांचे डोळे मोबाईलपासून साधारण सारख्या अंतरावर आले की दोघंही स्वच्छ येतात. मग थांबा. फोटोची खूण कानात असते. घोड्याचे कान मागं पडलेले असतील तर तो वैतागलेला आहे, तेव्हा काढू नका. माणसाला सांगा, रोज बोलतोस तसं बोल. त्याच्या आवाजावर बैलाचा एक कान त्याच्याकडं वळतो, माणूसही कॅमेरा विसरतो, आणि तेवढ्या क्षणात बटण दाबायचं. घोड्याला मानेच्या बुडाशी खाजवलं तर त्याचा वरचा ओठ लांबतो. तो फोटो ऐटदार नसेल, पण घोडेवाला त्यावर हसल्याशिवाय राहणार नाही. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचा फोटो काढतात तो आडवा, चारी पाय दिसतील असा. विकायला तो बरा. घरच्या भिंतीसाठी हा घ्या.

एक सावधगिरी. घोड्याला आणि बैलाला दोन्ही बाजूंचं बरंच दिसतं, पण थेट पाठीमागचं आणि नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नका, एकदम समोर उगवू नका. बाजूनं, बोलत बोलत जा. लहान मुलाला हौसेनं पाठीवर बसवून फोटो काढायचा मोह टाळा. त्यापेक्षा तान्ह्या पोळ्याला नातवाला त्याचा लाकडी नंदी घेऊन आजोबांच्या खऱ्या बैलाशेजारी उभं करा, दोरी आजोबांच्या हातात घट्ट असू द्या.

फोटो निघाला म्हणजे काम झालं असं नाही. मोबाईल पाण्यात पडतो, बदलतो, भरला की पोरं फोटो उडवतात. गावात माणूस गेला की काय धावपळ होते, तुम्हीही पाहिलं असेल. हार घालायला फोटो नसतो, मग आधार कार्डावरचा तो डोळे वटारलेला, पासपोर्टएवढा चेहरा मोठा करून आणतात. आमगावला किंवा गोंदियाला जाणं होतंच. स्टुडिओत 4 बाय 6 च्या दोन प्रती काढून आणा. एक घरी ठेवा, दुसरी ज्याचा फोटो त्याला द्या. वरातीतल्या घोडेवाल्यालाही. तो पुढच्या लग्नाला निघून जातो, म्हणून नंबर आधीच घेऊन ठेवा. आणि फेसबुकवर टाकण्याआधी त्याला विचारा.

प्रतीच्या मागच्या बाजूला बॉलपेनानं लिहायचं. काय लिहायचं ते एका जुन्या फोटोवरून शिकण्यासारखं आहे. 1878 मध्ये अमेरिकेत मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं धावत्या घोड्याची चित्रं ओळीनं घेतली, आणि चौखूर पळताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात हे जगाला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. त्या चित्रांच्या कार्डावर छापलं होतं: घोडीचं नाव सॅली गार्डनर, मालक लेलंड स्टॅनफर्ड, स्वार जी. डोम, जागा पालो आल्टोचा ट्रॅक, तारीख 19 जून 1878. स्टॅनफर्ड मोठा धनवान होता, त्याचं नाव कसंही उरलंच असतं. डोम कोण, कुठला, हे कोण लक्षात ठेवणार होतं? कार्डावर होता म्हणून आज कळतो. तुम्हीही लिहा. बैलांची नावं, डावा कोणता नि उजवा कोणता. माणसाचं पूर्ण नाव, फक्त 'बाबा' किंवा 'गडी' नको. गाव, सण, साल. जोडी किती वर्षं दावणीला आहे तेही माहीत असेल तर लिहा.

पोळ्याला जमलं नाही तर दिवाळीचा पाडवा आहे. त्या दिवशी गायगोधनाला गावची गुरं एका जागी येतात आणि ती वर्षभर रानात नेणारा गुराखीही येतो. त्याच्या मागं अख्खा कळप असतो, त्यामुळं खांद्याजवळ उभं करायची रीत तिथं चालणार नाही. त्याला विचारा, यातली तुझी हाक पहिली कोण ऐकते? ज्या गाईकडं तो बोट दाखवेल तिच्याजवळ त्याला उभा करा, बाकी कळप मागं येऊ द्या.