खिंडीपलीकडची शाळा



थंडी सुरू झाली की सोलापूर, हैदराबादसारख्या शहरांत रस्त्याच्या कडेला तिबेटी स्वेटरवाले दुकाने मांडतात. आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांच्याकडून स्वेटर घेतला असेल, भाव पाडूनही मागितला असेल. पण तिबेटी लोकांच्या मोठ्या वसाहती आपल्याच कर्नाटकात आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? कारवारकडे मुंडगोड, म्हैसूरकडे बैलकुप्पे आणि हुणसूर, शिवाय कोळ्ळेगाल. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला एक वसाहत आहे. हे लोक इथे का आले व येताच त्यांनी पहिले काम कोणते केले, हे आपल्या शाळेने समजून घ्यावे असे मला फार दिवस वाटत होते.

१७ मार्च १९५९ च्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडले व ३१ मार्चला ते भारताच्या हद्दीत पोहोचले. त्यांच्यामागून हजारो माणसे आली. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली ही मंडळी हिमालयात रस्ते बांधण्याच्या मजुरीला लागली. दगड फोडणाऱ्या आईबापांजवळ तंबूत राहणारी मुले आजारी पडत, दगावत. अशा हलाखीत ३ मार्च १९६० रोजी मसुरीला त्यांची पहिली शाळा उघडली. १७ मे १९६० रोजी रस्तेकामावरच्या छावण्यांतून ५१ मुले धर्मशाळेला आणली गेली. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ केला. १९६४ साली त्या वारल्यावर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ते काम अंगावर घेतले व पुढे कित्येक वर्षे चालवले. तत्कालीन म्हैसूर राज्याने दिलेल्या सुमारे तीन हजार एकर जंगल जमिनीवर बैलकुप्पेची वसाहत उभी राहू लागली ती १९६१ च्या सुमारास. म्हणजे घर-शेतीचा पत्ता नव्हता तेव्हा शाळा सुरू झालेली होती. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो. घर बांधून झाले, बोअर मारून झाली, लग्ने उरकली की मग फीचा विचार!

यानंतरही मुले येतच राहिली, आणि त्यांची हकीकत मला जास्त अस्वस्थ करते. तिबेटातले आईबाप सात-आठ वर्षांची पोरे वाटाड्याच्या हवाली करून भारतात शिकायला पाठवत. पुन्हा भेट होईलच अशी खात्री नसे. दिवसा लपायचे, रात्री चालायचे. नांगपा ला ही खिंड ५,७०० मीटरहून उंच आहे. तिथल्या बर्फात बोटे झडलेली मुले नेपाळात पोहोचत. ३० सप्टेंबर २००६ रोजी अशाच सत्तरहून अधिक जणांच्या तांड्यावर चिनी सीमारक्षकांनी गोळीबार केला. केलसांग नामत्सो ही सतरा वर्षांची भिक्षुणी बर्फातच मरण पावली. काही मुले पकडली गेली. जवळच्या तळावरील एका रुमानियन गिर्यारोहकाने हे चित्रित केले, म्हणून जगाला कळले. २००८ पर्यंत वर्षाला दोन-तीन हजार माणसे या वाटांनी येत. त्यानंतर पहारा इतका वाढला की आता येणारे बोटांवर मोजावेत.

इतका जीव धोक्यात घालून मिळवायचे काय? इंग्रजी? नोकरी? तेही असेल. पण मुख्य ओढ होती ती आपली भाषा शिकायला मिळेल याची. तिबेटातील सुमारे दहा लाख मुले चिनी भाषेच्या निवासी शाळांत घातली गेली आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ साली सांगितले. भारतातल्या तिबेटी शाळांचे धोरण २००४ साली ठरले, त्यात प्राथमिक शिक्षण तिबेटी माध्यमातून द्यायचे असे आहे. इंग्रजीला त्यांनी हाकलले नाही, तिची जागा तेवढी ठरवून दिली.

शिक्षणासाठी मुलूख सोडणे आपल्या भागालाही नवे नाही. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतूनच घ्यावे लागे. १९३८ साली वंदे मातरम् गायले म्हणून शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या काळात, त्यांना दारे उघडली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. त्या वेळी नागपूरने हात दिला नसता तर किती जणांचे शिक्षण तिथेच थांबले असते!

आता मूळ मुद्द्यावर येतो. पहिलीपासून मराठी बंद करून सगळे इंग्रजीत करावे, असे पत्र काही पालकांनी विश्वस्तांकडे दिले आहे. त्यांची काळजी मला समजते. मुले उद्या पुण्याला, हैदराबादला जाणार, तिथे मराठीतून काय भागणार, असे ते म्हणतात. माझा मात्र याला विरोध आहे. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवीधर झालो. त्यामुळे मराठीचा सोवळा अभिमान माझ्याकडून कोणी अपेक्षू नये, आणि माझ्या मराठीत हिंदी वळण दिसते हे शिक्षक मला हसून सांगतातच. पण वर्गात मी रोज पाहतो की ज्याला आजीची गोष्ट मराठीत लिहिता येते, तो कन्नडही लवकर उचलतो व इंग्रजीही. ज्याला एकही भाषा धड येत नाही, तो मागच्या बाकावर गप्प बसतो, आणि घरी सांगतो की आज काही शिकवलेच नाही. निर्ण्यात राहून कन्नड उत्तम आलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. इंग्रजीच्या तासिका वाढवायलाही माझी तयारी आहे. चौथीपर्यंत वाचन-लेखनाचा पाया तेवढा मराठीतच राहावा.

पुढच्या पालकसभेत हा विषय विश्वस्तांसमोर येत आहे. पालकांनी आपले मत लेखी आणावे, वडिलांबरोबर आईनेही यावे. सातवीच्या मुलांनी तोवर ग्रंथालयातल्या नकाशावर ल्हासा, धर्मशाळा आणि मुंडगोड शोधून ठेवावे. सभेच्या दिवशी मी विचारणार आहे.

— मुख्याध्यापक