पटावरील मूल आणि वर्गातील मूल

जून महिना सरत आला की विदर्भातील शाळांची कुलुपे निघतात, गावोगाव प्रभातफेऱ्या निघतात, पहिलीत येणाऱ्या बालकांच्या हाती फुले व पुस्तके दिली जातात, आणि थोड्याच दिवसांत तालुक्यातालुक्यांतून शंभर टक्के पटनोंदणी झाल्याच्या वार्ता येऊ लागतात. यवतमाळ जिल्हा याला अपवाद नाही. या वार्तांचा आनंद मानू नये असे आम्ही म्हणणार नाही. ज्या प्रांतात दोन पिढ्यांपूर्वी मुलीला शाळेत घालणे हा चेष्टेचा विषय होता, तेथे आज मुलींची नावे मुलांच्या जवळजवळ बरोबरीने पटावर लागतात, ही सामान्य कमाई नव्हे. परंतु पटावर नाव लागणे आणि मूल शिकणे या दोहोंमध्ये जे अंतर आहे, ते मोजण्याची सोय आपण केली आहे काय, हा प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य आहे.

सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करून बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या बडोदे संस्थानास लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात आपले विधेयक मांडले, ते १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीचा कायदा केला. पुढे राज्यघटनेने १९६० पर्यंतची मुदत घातली, ती टळली. २००० साली जगातील राष्ट्रांनी २०१५ ची मुदत घातली, तीही अपुरी पडून २०३० वर गेली. आपल्याकडे २००९ साली हक्काचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. मुदतींचा हा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. उद्दिष्ट ठरविण्यात आपण कधीच कमी पडलो नाही. ते कोठवर साधले हे सांगणारी गणती मात्र आपण सदैव सैल ठेविली.

गोखल्यांच्या विधेयकातील एक तरतूद या संदर्भात आठवण्याजोगी आहे. एखाद्या भागातील मुलांचे ठराविक प्रमाण आधीच शाळेत जात असेल, तरच तेथे सक्ती लागू करावी, अशी ती योजना होती, आणि हे प्रमाण शेकडा ३३ असावे असे त्यांनी सुचविले होते. म्हणजे गावात शिकण्याच्या वयाची मुले किती, आणि त्यांपैकी शाळेत किती, या दोन आकड्यांवाचून पुढचे पाऊल टाकावयाचे नाही, हे त्या अर्थशास्त्राच्या पंडिताने ओळखले होते. आज शंभर वर्षे उलटून गेल्यावर या दोन आकड्यांची स्थिती काय आहे?

पहिला आकडा गावातील मुलांचा. शेवटची जनगणना २०११ साली झाली. २०२१ ची झालीच नाही, आणि पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिनांक ठरविण्यात आला. त्यामुळे या काळात शिकण्याच्या वयाची मुले किती, हे अंदाजाने धरावे लागले. दुसरा आकडा पटाचा. त्यातही एक मेख आहे, ती सोप्या उदाहरणाने सांगतो. समजा, एका गावात ६ ते १० वयाची १०० मुले आहेत आणि पहिली ते पाचवीच्या पटावर १०५ नावे आहेत. कागदोपत्री प्रमाण १०५ टक्के झाले. कार्यालयाचे समाधान झाले. परंतु त्या १०५ पैकी १५ मुले वयाने मोठी किंवा लहान असतील, तर योग्य वयाची ९० मुलेच शाळेत आहेत आणि दहा मुले बाहेर आहेत. या दहांपैकी सात मुली असल्या, तर मुलामुलींची एकत्रित बेरीज तेही झाकून टाकते. शंभरावर गेलेली टक्केवारी अशा रीतीने दहा लेकरांवर पांघरूण घालते.

पट फुगविण्याचा मोह किती अनावर असतो, याचा धडा महाराष्ट्राने एकदा घेतला आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मतदानात लावतात तशी शाई मुलांच्या बोटांना लावून माणसे मोजण्यात आली. सुमारे २० लक्ष नावे अशी निघाली की ज्यांच्यामागे मूलच उभे नव्हते! याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. शिक्षकांची पदे पटावरून मंजूर होतात, अनुदान पटावरून ठरते, आणि पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद होण्याची भीती गावाच्या डोक्यावर टांगली जाते. राज्यात अशा कमी पटाच्या शाळा हजारांनी आहेत. ज्या आकड्यावर गुरुजींची भाकरी व गावाची शाळा अवलंबून आहे, तोच आकडा प्रगतीचे माप म्हणून घ्यावयाचा, ही रीत मुळातच सदोष होय. यात सर्व शिक्षकांना अप्रामाणिक ठरविण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही काही वर्षे हाती खडू धरिला आहे, आणि हजेरीपटावर प्रामाणिकपणे 'गैरहजर' लिहिणाऱ्या गुरुजींस काय ऐकून घ्यावे लागते, हे आम्ही जाणतो.

आता यवतमाळच्या विशेष प्रश्नाकडे वळू. पटाची वार्षिक गणना ३० सप्टेंबर या दिवसाची धरण्याचा प्रघात आहे. शासकीय वर्षाच्या हिशेबाने तो सोयीचा असेल; कापसाच्या जिल्ह्यात तो नेमका फसवा दिवस आहे. दसरा उलटला की बोंडे फुटू लागतात, वेचणीला हात कमी पडतात, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने दहा वर्षांच्या पोरीचे दोन हातही घराला हवेसे होतात. आई शेतात गेली की धाकट्या भावंडाला सांभाळावयास जी घरी राहते, तीही बहुधा मुलगीच. त्याच सुमारास पुसद, उमरखेड, महागाव या बाजूच्या तांड्यांतून माणसे ऊसतोडीला व इतर कामांना बाहेर पडतात आणि लेकरेही बरोबर जातात. म्हणजे वर्षातील जो दिवस सर्वांत भरलेला, त्या दिवशी आपण मोजतो, आणि वर्ग रिकामे होऊ लागतात त्या महिन्यांत मोजावयाचे थांबतो. नदीची खोली पुराच्या दिवशी मोजून उन्हाळ्याच्या पाण्याची व्यवस्था करणाऱ्यास आपण काय म्हणू?

जिल्ह्याची सरासरी हाही असाच एक आडपडदा आहे. या जिल्ह्याचे १६ तालुके आहेत. यवतमाळ शहरातील शाळा आणि केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी यांकडील कोलामांचे पोड यांची सरासरी काढून हाती काय लागणार? पोडावरच्या मुलाच्या घरी कोलामी बोलली जाते, तांड्यावर गोरमाटी, पारध्यांच्या बेड्यावर आणखी वेगळी भाषा. पुस्तक मात्र पहिल्या दिवसापासून मराठी. अशा मुलाचे नाव पटावर लावणे सोपे, त्याला चौथी-पाचवीपर्यंत टिकविणे कठीण. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातील पुरुषांत सुमारे ८९ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ७६ टक्के साक्षर आढळले. हे तेरा टक्क्यांचे अंतर पटनोंदणीच्या उत्सवांतून पडले नाही. ते नाव लागल्यानंतर गळालेल्या, किंवा नावच न लागलेल्या, मुलींचे आहे.

काहीजण म्हणतील, राज्यात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले आहे की! झाले आहे, ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात झाले, आणि संख्या हजारांच्या घरात निघाली. परंतु जुलै महिन्यात ऊसतोडीला गेलेले कुटुंब गावी परतलेले असते आणि कपाशी गुडघाभरही झालेली नसते. महाराष्ट्राच्या नियमानुसार एक महिना सलग गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य समजावयाचे असते. शाळा उघडून आठवडाभर झाला असता एक महिन्याची गैरहजेरी दिसणार कोठून?

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. २००९ च्या कायद्याने प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता या तिन्ही गोष्टींची जबाबदारी शासनावर टाकली आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरविले आहे. तीनपैकी पहिलीच गोष्ट मोजून उरलेल्या दोहोंविषयी मौन पाळणे हे कायद्याचे अर्धेही पालन नव्हे. मुलींच्या उपस्थितीचे महत्त्व तर या राज्याने केव्हाच मान्य केले आहे. १९९२ साली, याच जिल्ह्याचे सुपुत्र सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना, गरीब घरच्या मुलींना हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता देण्याची योजना निघाली. रक्कम अल्प, परंतु तत्त्व योग्य होते. पैसा नावाला नव्हता, हजेरीला होता.

तेव्हा आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पहिली, सप्टेंबरच्या गणनेबरोबर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरी गणना व्हावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. दुसरी, मोजणी शाळेच्या पटापासून नव्हे, गावाच्या जन्मनोंदीपासून सुरू व्हावी, आणि ती मुलगे व मुली, गाव व पोड, तांडा व बेडा अशी वेगवेगळी मांडावी. तिसरी, यंदा पहिलीत आलेल्या शंभर मुलींपैकी पाच वर्षांनी पाचवी आणि आठ वर्षांनी आठवी किती जणींनी पुरी केली, हा आकडा प्रत्येक तालुक्याने द्यावा. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, जानेवारीच्या गणनेवरून कोणत्याही शिक्षकाचे पद वा कोणतीही शाळा रद्द होणार नाही, अशी लेखी हमी शासनाने द्यावी. त्याशिवाय खरा आकडा कोणीही लिहिणार नाही.

गुरुजींच्या डोक्यावर आणखी एक तक्ता कशाला, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आज ते माहितीच्या ओझ्याखाली वाकलेच आहेत. म्हणूनच नवे रकाने वाढविण्याऐवजी जुने निरुपयोगी रकाने काढून टाकावेत, आणि गावमोजणीचे काम ग्रामपंचायतीने उचलावे. ज्या वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, ते वसंतरावही याच जिल्ह्यातील. प्राथमिक शाळा लोकांच्या हाती द्यावयाच्या, तर त्यांचा हिशेबही लोकांनीच घ्यावयास हवा.

त्यासाठी मुहूर्त शोधण्याची गरज नाही. २६ जानेवारीस गावोगाव ग्रामसभा भरते. तो वेचणीचाही हंगाम असतो. त्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर सरपंचांनी गावातील किती मुलगे व किती मुली आज शाळेत आहेत आणि किती नाहीत, हे सभेपुढे वाचून दाखवावे. लेकरांची नावे घेऊन त्यांच्या आईबापांना खाली पाहावयास लावू नये, आकडे पुरेत. आकडा वाईट असेल तर तो वाईट म्हणून वाचला जावा, आणि पुढील जानेवारीत तो किती सुधारला हे त्याच सभेत विचारले जावे. जिल्हा परिषदेने यंदाच तसा ठराव करावा, अशी आमची तिला आग्रहाची विनंती आहे.