मासा मेला नाही, म्हणून पाणी पास

मी मासे मारायची नोकरी करतो. जात कोळ्याची नाही, डिग्री बी.एस्सी.ची. ठाण्याच्या अलीकडे एका खाजगी लॅबमध्ये काचेच्या टाक्या आहेत. टाकीत कारखान्याचं सांडपाणी आणि त्यात दहा गप्पी मासे. ९६ तास. खायला काही द्यायचं नाही. दर चोवीस तासांनी बघायचं. कल्ले हलत नाहीत, शेपटीला काडी लावली तरी हालचाल नाही, तो मेला. बाकीचे जिवंत. पर्यावरण संरक्षणाचे १९८६ चे नियम आहेत, त्यात लिहिलंय की निव्वळ सांडपाण्यात ९० टक्के मासे ९६ तास जगले पाहिजेत. दहातले नऊ. नऊ जगले की शिक्का मारायचा.

आता जिवंत म्हणजे काय ते ऐका. तोल जाऊन कुशीवर पोहतोय, जिवंत. तोंड वर काढून हवा गिळतोय, जिवंत. एकदा मी रिपोर्टात हे सगळं लिहिलं. साहेब म्हणाले, "तुला निबंधाचा पगार नाय मिळत. आकडा टाक." मी ९ टाकला. घरी गेलो, जेवलो, झोपलो. त्याची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

आणखी एक गंमत. मासा गुदमरून मेला तर टेस्ट बाद होते, म्हणून आम्ही टाकीत पंपानं हवा सोडतो. विषाची परीक्षा आहे ना, हवेची नाही! पण नदीतला मासा आधी गुदमरतो. घाण कुजते, पाण्यातला ऑक्सिजन खाते. नदीला पंप कुणी लावलाय?

नवं केमिकल आलं तर रीत वेगळी. वाढत्या प्रमाणाच्या पाच टाक्या, प्रत्येकीत सात मासे, एक टाकी साध्या पाण्याची. ज्या प्रमाणात निम्मे मरतात तो आकडा म्हणजे एलसी-५०. लिटरला एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी निघाला तर सगळ्यात विषारी वर्ग. डाफ्निया म्हणून पाण्यातली पिसू असते, राईच्या दाण्याएवढी, तिला ४८ तास देतात. तिला पिलं होतात का, किती होतात, हे विचारायचं तर २१ दिवस लागतात. २१ दिवसांचे पैसे कोण देणार? आणि केमिकल तपासायचं एकेकटं. नदीत मात्र सगळी एकदम येतात.

बरं, सांडपाण्याचा कॅन कुठून येतो? आमच्याकडे तो कारखानाच पाठवतो. कुठल्या पाइपाचा, किती वाजता भरला, आम्ही विचारत नाही. वर्गात मास्तरनं पोराला सांगावं, तुझा पेपर तूच घरून लिहून आण, तसला प्रकार.

माझी आत्या महाडकडे सावित्रीच्या काठाला राहते. ती म्हणते, नदीचा मासा शिजवला की घरभर रॉकेलसारखा वास सुटतो. तरी खाते. सुरमई परवडणाऱ्याच्या ताटात हा मासा येत नाही. महाडला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. वास कुणाचा ते मी सांगू शकत नाही, ते सांगायलाच तर टेस्ट असते.

आणि महाडला पाण्याची टेस्ट काय नवी आहे? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तर सवर्णांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं! पाण्यात काय आहे हे कुणी बघितलं नाही, हात कुणाचा लागला ते बघितलं. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

मासे पोहत राहिले आणि माणसं मेली, असंही झालंय. जपानात, मिनामाताला. चिस्सो कंपनी पारा समुद्रात सोडत होती. मेलेले मासे लोकांना दिसले, पण जे पोहत होते ते पकडले, खाल्ले, आणि पारा त्यांच्याच अंगात होता. १९५६ साली रोग उघड झाला. लोकांना वाटलं साथ आहे; रोग्यांना, कोळ्यांच्या घरांना टाळलं. टाळणं म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगायला नको. १९५९ साली कंपनीच्याच दवाखान्यातल्या डॉ. होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळलं. मांजर नंबर ४००. त्याला झटके आले. टेस्ट चोख होती, उत्तर मिळालं होतं. कंपनीनं ते दाबलं आणि पारा १९६८ पर्यंत सोडत राहिली. १९७० साली होसोकावांनी मरणाच्या बिछान्यावरून साक्ष दिली. कुमामोतोच्या कोर्टानं कंपनीला दोषी धरलं ते २० मार्च १९७३ ला. तारीख बघा.

होसोकावांना बोलायला अकरा वर्षं लागली. मला किती लागतील ठाऊक नाही. सध्या इतकंच करतोय: माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिलाय. गेल्या तीन वर्षांचे माशांच्या टेस्टचे रिपोर्ट द्या. प्रत्येक नमुना कुणी घेतला, कुठे, किती वाजता ते द्या. १९७४ च्या पाणी कायद्यात नमुना घ्यायचा अधिकार बोर्डाला आहे. त्याचे दोन भाग करायचे, सील मारायचं, दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या. तसे नमुने किती, आणि कंपनीनं स्वतः भरलेले कॅन किती, हेच विचारलंय. अर्जाखाली माझं नाव आहे, म्हणजे नोकरीचं काय होणार ते उघड आहे. पण एकाच नावाचा अर्ज फायलीत मरतो. पन्नास पाहिजेत.

२० मार्चला आपण महाडला जातोच. यंदा तळ्यावरून परत फिरू नका, नदीवर या. कोरे अर्ज मी आणतो, तुम्ही पेन आणि दहा रुपये आणा. आत्यानं चहाचं कबूल केलंय. मासे मात्र घालणार नाही म्हणाली.