गिऱ्हाइकाची ठेव

लहान दुकानदाराची लाल वही आतां पुष्कळ ठिकाणीं त्याच्या मोबाईलमध्यें जाऊन बसली आहे. २०१६ सालीं यूपीआयची व्यवस्था सुरू झाली, आणि थोड्याच वर्षांत भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांच्या गल्ल्यापुढें ती काळी-पांढरी चौकोनी खूण झळकूं लागली. सुट्या पैशांची कटकट पुष्कळशी गेली, हिशेब आपोआप लिहिला जाऊं लागला. लहान धंद्याला हें साहाय्य मोठें आहे. त्याविषयीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

परंतु या साधनाबरोबर दुकानदाराच्या हातीं आणखी एक वस्तु आली आहे. ती म्हणजे गिऱ्हाइकाची माहिती. जुन्या वहींत नांव व येणें एवढेंच असे, आणि रात्रीं ती कपाटांत बंद होई. आतां बिलाबरोबर फोनचा क्रमांक, पत्ता व खरेदीची यादी हीं सर्व सांठत जातात. आणि ही वही बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रांत असून तिची नक्कल क्षणांत होऊं शकते.

औषधांच्या दुकानाचें उदाहरण घ्या. मधुमेहाच्या गोळ्या कोण नेतो, मनाच्या विकारावर औषध कोणाच्या घरीं जातें, हें त्या यादीवरून परक्यासही वाचतां येतें. ती चार पैशांसाठीं जाहिरातवाल्यास दिली, किंवा नुसती निष्काळजीपणानें उघडी राहिली, तरी एखादें ठरत आलेलें लग्न मोडण्यास तेवढें पुरे. दुकानदाराच्या मनांत पाप नसेल; पण ज्याची अब्रू गेली त्याला त्याचें काय समाधान?

याकरितां आपल्याकडे २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, व २०२५ च्या नोव्हेंबरांत त्याचे नियम प्रसिद्ध झाले. व्यापाऱ्यांवरील मुख्य बंधनें त्यानंतर १८ महिन्यांनीं लागू व्हावयाचीं, अशी योजना आहे. माहिती कशासाठीं हवी हें स्पष्ट सांगून संमति घ्यावी, दिलेली संमति तितक्याच सहजपणें परत घेतां यावी, आणि माहिती फुटल्यास संबंधितांस कळवावें, हें त्याचें सार. संमतीची सूचना मराठींतून मिळण्याचीही त्यांत तरतूद आहे. रक्षणांत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटि रुपयांची आहे.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं मसाल्यांचा, पुस्तकांचा किंवा शिकवणीचा लहानसा व्यवसाय असेल, आणि नवी युक्ति बहुधा घरांतील तरुण मुलगा किंवा सून आणीत असेल. तिचें स्वागत करावें. मात्र चार प्रश्न आधीं विचारावे. ही माहिती खरोखर लागते काय? ती कोण पाहूं शकतो? काम संपल्यावर ती पुसतो कोण? आणि गिऱ्हाईक "नको" म्हणाल्यास आपण ऐकतों काय? पापड घरपोंच करण्यास पत्ता हवा, जन्मतारीख कशास?

विक्रीच्या रीतींनाही हाच न्याय लावावा. "दोनच नग उरले" अशी खोटी घाई करणें, न मागितलेली वस्तु गुपचूप बिलांत घालणें, अशा १३ फसव्या युक्त्या सरकारनें २०२३ च्या नोव्हेंबरांतील मार्गदर्शनांत नांवानिशीं गणल्या आहेत. मोठ्या कंपन्या करतात म्हणून लहानांनीं त्यांची नक्कल करावी, यांत शहाणपण नाहीं. भांडवलांत व सवलतींत लहान दुकान त्यांच्याशीं टक्कर देऊं शकणार नाहीं. त्याच्यापाशीं पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख व पत एवढीच पुंजी असते.

गिऱ्हाइकांचेंही यांत कर्तव्य आहे. दुकानांत कोणी क्रमांक मागितला, तर "कशासाठीं?" असें सौम्यपणें विचारण्यास संकोच नसावा. ज्याची नियत साफ आहे तो दुकानदार त्याचें उत्तर देईल, आणि पुढल्या महिन्याचें सामानही आपण त्याच्याचकडून आणूं.