तळहातावर मावेल एवढंच

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या मैत्रिणींच्या गप्पांत दोन गोष्टी हमखास असतात. एक नायगारा आणि दुसरी, ‘बाई गं, घरात बसून बसून जीव आंबला!’ गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही, बाळ झोपलं की करायचं काय? यातल्या जिची लेक ओहायो राज्यात, सिनसिनाटी किंवा डेटनच्या आसपास राहत असेल, तिला आज एक ठिकाण सुचवायचंय. दुकान नाही, देऊळही नाही. दगड आहेत नुसते.

वेन्सव्हिल गावाजवळ सीझर क्रीक नावाचा तलाव आहे. १९७८ साली तिथलं धरण बांधून झालं. पुराचं जास्तीचं पाणी वाहून जावं म्हणून खडक कापून मोठा सांडवा काढला, आणि त्यात चुनखडकाचे आणि ठिसूळ, मातकट शेलचे थर उघडे पडले. हे थर म्हणजे सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका उथळ, उबदार समुद्राचा तळ! वादळात गाळ उसळायचा, तळावरचे जीव त्याखाली गाडले जायचे, आणि गाळाबरोबर त्यांचाही दगड व्हायचा.

‘जीवाश्म’ हा शब्द शाळेच्या पुस्तकातला वाटला तरी वस्तू आपल्याला परकी नाही. देवघरातला शाळिग्राम आठवा. गंडकी नदीतून येणारा तो काळा दगड म्हणजे ॲमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याचा जीवाश्म, आणि त्यावरचं चक्र म्हणजे त्याच्या शंखाची वळणं. श्रद्धेला त्यामुळे धक्का लागायचं कारण नाही. उलट हिमालयाच्या जागी एके काळी समुद्र होता, याचा पुरावा आपण पिढ्यान्‌पिढ्या गंध-फुलं वाहून जपत आलोय.

सीझर क्रीकच्या सांडव्यात मात्र शाळिग्रामाच्याही फार आधीचे जीव सापडतात. पावलागणिक दिसतात ते ब्रॅकिओपॉड. प्रथम वाटतं, या तर आपल्या तिसऱ्या! पण नीट पाहा. तिसरीची दोन शिंपलं एकमेकांची प्रतिबिंबं असतात, पण एकच शिंपलं हातात घेतलं तर ते एका बाजूला कललेलं दिसतं. ब्रॅकिओपॉडचं उलट. त्याचं वरचं आणि खालचं शिंपलं सारखं नसतं, पण प्रत्येकाच्या मधोमध रेघ ओढली तर डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळते. काहींचा आकार तर थेट पणतीसारखा, म्हणून इंग्रजीतही त्यांना दिव्यावरूनच नाव पडलंय. यांच्या कुळातले थोडे अजून जिवंत आहेत. त्यातला लिंग्युला नावाचा आपल्या देशाच्या किनाऱ्यावरही वाळूत बीळ करून राहतो.

ट्रायलोबाइट मात्र सहज भेटत नाही. अंगाचे उभे तीन भाग, म्हणून हे नाव. खेकडे-कोळंबीचा लांबचा नातलग म्हणा. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी तो खडकांत दिसू लागतो आणि २५ कोटी वर्षांपूर्वी कायमचा नाहीसा होतो. याच्या वीस हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. वाढताना तो कात टाकायचा, त्यामुळे बहुतेकदा हाती लागतात ते टाकलेल्या कातेचे तुकडे. पण नशीब जोरावर असेल तर अख्खा गुंडाळलेला मिळतो. पावसाळ्यात अंगणातला पैसा किडा बोट लागताच वेटोळं करतो ना, तसा! जीव वाचवायला त्याने अंग आवळून घेतलं आणि तसाच दगड होऊन राहिला. असा वाटाण्याएवढा गोळा पाहिला की कोणाचंही मन जरा हलतं. यांच्यातला थोराड आयसोटेलस. १९१९ मध्ये डेटनजवळच्या हफमन धरणाच्या कामात त्याचा चौदा इंचांहून लांब नमुना मिळाला, आणि १९८५ पासून तो ओहायोचा राज्य-जीवाश्म आहे.

तिथले नियम मला फार आवडले. परवानगीपत्र तलावाच्या माहिती केंद्रात फुकट मिळतं. हातोडा-छिन्नी चालत नाही, सुटं पडलेलं तेवढंच उचलायचं. तळहातावर मावेल एवढंच न्यायचं आणि विकायचं मुळीच नाही. म्हणजे ताकद नको, हत्यार नको. लागते ती फक्त नजर. आणि सुपातल्या तांदळातून पांढरा खडा बिनचूक वेचणारीला नजर कोणी शिकवायची? फक्त इथे खडे टाकायचे नसतात, ठेवायचे असतात. पाऊस पडून गेल्यावर जावं, माती धुतली जाऊन नवे तुकडे वर येतात. तिरपं ऊन असताना नक्षी उठून दिसते. चालत सुटू नये, एका जागी बसावं आणि हातभर जमीन निवडून काढावी. सावली अजिबात नाही, तेव्हा टोपी, पाणी आणि पायात बूट हवेतच.

आता घरातून प्रश्न येणारच, ‘या दगडांचा उपयोग काय?’ हा प्रश्न मला नेहमी खटकतो. नवरा तिकिटं जमवतो, मुलगा तासन्‌तास क्रिकेट बघतो, तेव्हा तो कोणी विचारत नाही. बाईच्या छंदातून मात्र शेवटी लोणचं, स्वेटर नाहीतर उशीचा अभ्रा निघायलाच हवा! नुसतं जाणून घ्यायचंय म्हणून तिने दोन तास उन्हात बसायचं, हे अजूनही पचत नाही. लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी १८०७ साली निघाली, पण बायकांना सभासद करून घ्यायला १९१९ उजाडलं. त्यानंतर हेलन मुइर-वूड या बाईंनी लंडनच्याच म्युझियममध्ये बसून आयुष्यभर ब्रॅकिओपॉडचा अभ्यास केला. एका अमेरिकन शास्त्रज्ञाबरोबर १९६० साली त्यांनी लिहिलेला ग्रंथ त्या विषयातला मोठा आधार ठरला. पण पदवी नसली तरी बिघडत नाही. सिनसिनाटीत १९४२ पासून ‘ड्राय ड्रेजर्स’ नावाची हौशी मंडळींची संस्था आहे. आटलेल्या समुद्रात जाळं टाकणारे, असं गमतीचं नाव!

आपल्याकडे हे का नाही, असं वाटेल. महाराष्ट्राचा बराचसा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या खडकाने झाकलाय, आणि ट्रायलोबाइट त्याच्या कितीतरी आधी संपले होते. ते पाहायचे तर हिमाचलातल्या स्पितीचे खडक गाठायला हवेत. पण गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला दगड झालेली झाडं आहेत. विदर्भातल्या मैत्रिणींनी मुलांना घेऊन ती बघायला जावं. बघायलाच हं, उचलायला नाही!

आणि सीझर क्रीकला गेलातच, तर आणलेला दगड जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने धुवा, कागदात गुंडाळा आणि सोबत चिठ्ठी ठेवा. कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कोणाला. चिठ्ठी नसली तर तो नुसता दगड राहतो, कोणत्या समुद्रातला ते पुढे कोणालाच कळत नाही. ‘कोणाला’च्या पुढे कौतुकाने नातवाचं नाव घालू नका. तुम्हाला सापडलाय ना? मग तुमचंच घाला.